चौदा हजार पावलं

आशा कार्यकर्तीला डोंगर चढावा लागतो, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही. सुलक्षणा तरीही दर गुरुवारी चढायची. मार्गासनीहून सकाळी निघायचं, एसटी, जीप, दुधाचा टेम्पो, मिळेल त्यानं पाली गाठायची, आणि ट्रेकर मंडळी राजगडाच्या वाटेला लागली की आपण डावीकडची पायवाट धरायची. सव्वा तास चढलं की उंबरमाळ. धनगरांची चार घरं, चौदा जनावरं, आणि माणसंही चारच, सगळी सत्तरीच्या पलीकडची. पोरंबाळं कधीच खाली उतरली, कुणी वरव्याला कंपनीत, कुणी थेट पुण्यात. या चौघांतला एक हैबती, सुलक्षणाचा बाप. ती त्याची एकुलती.

श्रावणात पुण्याच्या एका संस्थेनं तिच्याकडं चार पट्टे दिले. काळे, रबरी, मनगटाला बांधायचे. माणूस किती पावलं चालला, काळजाचे ठोके मिनिटाला किती पडले, हे सगळं पट्टा स्वतःत धरून ठेवायचा. वर रेंज नाही, म्हणून सुलक्षणानं आठवड्यातून एकदा मोबाईल जवळ न्यायचा, की आकडे मोबाईलमध्ये उतरायचे. ती पालीला आली की तिथून पुण्याला पोचायचे. म्हाताऱ्यांना नमुना दाखवायला तिनं त्या ॲपमध्ये स्वतःचंही नाव घातलं होतं. तिची पावलं तिचा मोबाईलच मोजायचा.

"येळ सांगत न्हाई ते कसलं घड्याळ?" चिमाजीनं पहिल्याच दिवशी विचारलं. त्याला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसायचं, वेळ सांगितली असती तरी वाचणार कोण!

"घड्याळ न्हाई ते, चिमाजीनाना. रोज तीन हजार पावलं चालायचं. ते मोजतंय."

"आन न्हाई चाललो तर?"

"तर पुण्याच्या मॅडम मला बोलणार."

"मग तुझ्यापायी चालतो बाई," म्हणत त्यानं हात पुढं केला.

सारजाबाईचा खुबा मोडलेला. ती अंथरुणातूनच म्हणाली, "मला कशाला गं ह्ये? मी चालले तर भुताटकी म्हणतील." गेनूनं काही न विचारता बांधून घेतला. हैबतीनंही घेतला, पण तो बोलला नाही. बायको गेल्यापासून तो कमीच बोलायचा.

सुलक्षणाची आई साळूबाई गेली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. सुलक्षणा हैबतीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भोरला घेऊन गेली होती, दोन दिवसांचा मुक्काम होता. घरात म्हातारी एकटी. ती गुरांमागं माळावर गेली आणि तिकडंच गेली. गुरं आपापली परत आली, तेव्हा दारात कुणी नव्हतं. मृत्यूचा दाखला काढायचा अर्ज सुलक्षणानंच भरला, तिचं अक्षर चांगलं म्हणून. रडू काही आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून तिनं वाट पाहिली आणि मग वाट पाहणंही सोडलं. दातवाल्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो, तसं आतून सगळं झालं होतं. एक गोष्ट मात्र तिनं त्या बधिरपणातही पक्की धरली होती. आबाला असं जाऊ द्यायचं नाही. पट्टे यायच्या यादीत उंबरमाळचं नाव तिनंच भांडून घातलं होतं.

महिन्यानं पुण्याहून संस्थेच्या डॉक्टर प्रांजलचा फोन आला. पोरगी तिशीच्या आतली, बोलायला गोड.

"ताई, तुमच्या उंबरमाळचे आजीआजोबा रोज चौदा हजार पावलं चालतात. चौघंही. अगदी सारखी. सारजाबाईंचा खुबा मोडलाय ना?"

सुलक्षणा तापली. गुरुवारपर्यंत थांबायला काही तिला जमलं नाही, मंगळवारीच वर गेली. माळाच्या तोंडाशीच गेनू भेटला. पुढं चौदा जनावरं, खांद्यावर काठी, आणि डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चार पट्टे.

"ह्ये काय वो, गेनूनाना?"

"आज काठी माझी हाय," गेनू म्हणाला. यात सगळं आलं, असा त्याचा सूर.

आणि खरोखरच आलं. ज्याची जितकी जनावरं, तितके दिवस त्यानं सगळ्या वाडीची गुरं राखायची, ही उंबरमाळची बापजाद्यांपासूनची रीत. गेनूची पाच, चिमाजीची तीन, सारजाबाईची दोन आणि हैबतीची चार. सारजाबाईचे दिवस गेनूच भरायचा. चौदा दिवसांत फेरा पुरा. ज्याचे दिवस त्याच्या दारात काठी. राखणीला एक जातो आणि चौघांसाठी चालतो, मग संस्थेनं पावलं मागितली तर बाकीच्यांनी कशाला तंगड्या तोडायच्या? काठीबरोबर पट्टेही द्यायचे. त्यांचा न्याय सरळ होता.

"अवो, ज्याचा त्यानं घालायचा असतोय!"

"मग गुरं बी ज्याची त्यानं राखायची का?" गेनूनं शांतपणे विचारलं.

हसू यायला हवं होतं. सुलक्षणानं मोबाईल काढला आणि त्याच्या हाताजवळ धरला. निदान ठोके तरी बघू, चारही पट्ट्यांना एकाचेच येणार.

तसे आले नाहीत. गेनूच्या पट्ट्यावर एक्याऐंशी. चिमाजीच्या पट्ट्यावर अडुसष्ट. सारजाबाईच्या पट्ट्यावर चौऱ्याण्णव, मग सत्तर, मग एकशेदोन, काही मेळ नाही. आणि हैबतीच्या पट्ट्यावर अडतीस.

तिनं गेनूचं मनगट धरून दोन बोटांनी नाडी मोजली. एक्याऐंशी. मग हैबतीचा पट्टा सोडवून स्वतःच्या हाताला बांधला आणि थोडा वेळ थांबली. अडतीस. स्वतःची नाडी बोटांनी मोजली, ती शहात्तर.

घरी आली तेव्हा हैबती ओट्यावर दावं वळत बसला होता. तिनं त्याचा हात हातात घेतला, मोबाईलमधलं घड्याळ लावलं, अर्धा मिनिट मोजलं. एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस.

"काय गं सुले?"

"काय न्हाई, आबा."

यंत्र पहिल्या हाताची आठवण धरत असेल, असं तिनं उतरताना स्वतःला सांगितलं. ते पटलं नाही. पण पुण्याला कळवलं तर वापर बरोबर नाही म्हणून पट्टेच काढून नेतील. आणि अडतीस हा आकडा तर खरा होता, तो तिनं आपल्या बोटांनी मोजला होता. म्हणून ती गप्प बसली, आणि काठीबरोबर पट्टे फिरत राहिले.

दिवाळीनंतर प्रांजलचा पुन्हा फोन. या वेळी आवाजात गोडवा नव्हता.

"ताई, हैबतीबाबांचे ठोके फार कमी आहेत. असे चालताना कधीतरी ते खाली कोसळतील आणि उठणार नाहीत. त्यांना खाली आणा. तपासू, आणि लागलं तर छातीत एक छोटं यंत्र बसवू."

"ते येत न्हाईत, मॅडम. गुरं सोडून येत न्हाईत."

"बरं, एक गंमत सांगू? दर चौदा दिवसांनी दोन दिवस असे येतात की त्यांचे ठोके बहात्तर असतात. तरण्या माणसासारखे. कायम बुधवार आणि गुरुवार. त्या दोन दिवशी बाबा काय करतात? तेच रोज करायला सांगा!"

सुलक्षणानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा केल्या. हैबतीचे चार दिवस सोमवारी सुरू व्हायचे. सोमवार अडतीस, मंगळवार अडतीस. बुधवार बहात्तर, गुरुवार बहात्तर, आणि चारही दिवस पावलं चौदा हजार. म्हणजे बुधवार-गुरुवारही राखण झालेली. पण त्यांतल्या प्रत्येक गुरुवारी तर ती स्वतः वर होती. आबा घरी होता, त्यानंच तिला चहा करून दिला होता. तेव्हा पट्टे नसायचे, ते काठीबरोबर गेलेत असं आबा म्हणायचा, आणि ती त्या आठवड्याचे आकडे पुढच्या खेपेला उतरवून घ्यायची. काठी कुणाबरोबर गेली, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या तशा गुरुवारी ती नवऱ्याला, संपतला, सांगून निघाली की आज मुक्काम वरच. उंबरमाळला पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. गेनू गोठ्याचा कूड बांधत होता. चिमाजी उन्हाला पाठ देऊन बसला होता. सारजाबाई अंथरुणात. हैबतीनं चुलीवर चहा ठेवला होता. गोठे मोकळे होते. काठी दारात नव्हती.

"आबा, गुरांमागं कोण गेलंय?"

हैबतीनं चहा गाळला. कान असलेला कप तिच्याकडं सरकवला, बिनकानाचा स्वतः घेतला.

"तुझी आय," तो म्हणाला.

सुलक्षणानं चहा प्यायला. बाहेर गेनू कुडाला गाठी मारत होता, त्यानं मान वर केली नाही.

"चार दिसांतलं दोन तिनं भरलं व्हतं," हैबती सांगत राहिला. "दुसऱ्या दिसाला गेली. दोन राह्यलं. माणूस गेलं म्हणून राखण सुटत न्हाई गं. पैल्या फेऱ्याला मीच काठी घ्यायला उठलो बुधवारी, तर काठी दारात न्हाई आन गुरं बी न्हाईत. तवापास्नं ती दर फेऱ्याला जाती. मी दोन, ती दोन."

"तुमी बघितलंय तिला?"

"बघायचं कशाला?"

"मग?"

"राखणीवरनं येणाऱ्याच्या पायावर दारात पाणी घालायचं आन हातातनं काठी घ्यायची. त्याबिगार राखण पुरी हुत न्हाई, म्हाईत हाय ना तुला? त्या दिशी ती आली आसंल, तर दारात कोण व्हतं? तू आन मी भोरला. आता मी आसतो. चुकवत न्हाई."

एवढं बोलून तो दमला. महिनाभराचं बोलणं त्यानं एका दमात संपवलं होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला घंटांचा आवाज आला. सुलक्षणा अंगणात उभी राहिली. गुरं एकामागं एक उताराला लागली, कुणी हाकत नसताना, आणि आपापल्या गोठ्यात शिरली. तिनं चौदा मोजली. मागं कुणी नव्हतं. वाळलेलं गवत तेवढं हलत होतं.

मागून पाण्याचा आवाज आला म्हणून ती वळली. हैबती उंबऱ्यात उभा होता, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात काठी. काठीच्या मुठीला चार पट्टे बांधलेले. पायरीचा दगड ओला झाला होता. दगडाच्या कडेला कुसळांचा एवढासा ढीग पडला होता.

माळाचं गवत वाळलं की येणाऱ्याजाणाऱ्या बाईच्या लुगड्याचा काठ कुसळांनी भरतो. झाडून ती निघत नाहीत. साळूबाई राखणीवरून आली की उंबऱ्यात बसून एकेक उपटायची आणि कडेला ढीग करायची, चूल त्यानंतर. हैबतीनं तो ढीग हातानं गोळा करून चुलीत टाकला.

सुलक्षणानं मोबाईल जवळ नेला. पावलं चौदा हजार एकशे नव्वद. सकाळी साडेसातपासून चाल. अकरा चाळीसला थांबा, बारा वीसला पुन्हा चाल. मोठ्या कातळाच्या सावलीत बसून आय भाकरी खायची, ती याच वेळेला. पण तिच्याकडं घड्याळ नव्हतं, तेव्हा नेमकी वेळ कुणाला ठाऊक असणार? तिनं आबाचा हात धरला आणि अर्धा मिनिट मोजलं. छत्तीस. दुणे बहात्तर.

घाबरायला हवं होतं, हे तिला कळत होतं. तिला फक्त एवढंच दिसलं की या दोन दिवसांत आबाचं काळीज नीट चालतं. म्हणजे त्याला खाली न्यायचा तर याच दोन दिवसांत न्यावा. वाटेत धोका नाही.

तिनं तसं सांगितलं. तो आढेवेढे घेईल असं तिला वाटलं होतं. त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तुझ्या जिवाला घोर नको म्हणून येतो," तो म्हणाला. "पर गुरुवारी कडुसं पडायच्या, गुरं परतायच्या आत मला ह्या दारात आणून सोडायचं. शब्द दे."

"दिला, आबा."

पौषातल्या त्या बुधवारी संपतनं पालीला टेम्पो आणला. हैबती डोंगर सरसर उतरला, सुलक्षणाच त्याच्या मागं पडली. हमरस्त्याला लागून असलेल्या दवाखान्यात प्रांजल त्यांची वाट बघत होती. छातीला वायरी लावल्या, डोक्याशी यंत्र ठेवलं. त्याच्यावर हिरवा आकडा आला आणि तो दिवसभर हलला नाही. बहात्तर.

गुरुवारी दुपारी प्रांजल कागद घेऊन आली. ती जरा गोंधळलेली दिसली.

"ताई, यांना तर काहीच झालेलं नाही. यंत्र बसवायची गरज नाही. पण ते अडतीस कुठून येत होते? आजची रात्र ठेवू, पूर्ण नोंद मिळेल. उद्या सकाळी सोडते."

"आज सोडलं तर न्हाई चालायचं?"

"चालेल. पण तुम्हीच सांगा, तुमच्या वडिलांच्या बाबतीत तुम्ही अर्धवट तपासणीवर राहाल का?"

सुलक्षणानं यंत्राकडं पाहिलं. आकडा स्थिर होता. एवढं केलं, आता एका रात्रीसाठी अर्धं कशाला सोडायचं? तिनं मान हलवली आणि कागदावर सही केली. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं.

"आबा, आजची रात ऱ्हावं लागंल."

हैबतीनं तिच्याकडं पाहिलं. रागावला नाही तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तू शब्द दिला व्हतास, सुले."

"उद्या सकाळी पैल्या गाडीनं. एकच रात, आबा."

"बरं," तो म्हणाला आणि खिडकीकडं तोंड केलं.

पाच वाजता खिडकीतलं ऊन पिवळं झालं. हैबती उठून बसला. "पाणी हाय का?" त्यानं विचारलं. तिनं स्टीलचा पेला भरून दिला. त्यानं तो ओठाला लावला नाही. खाटेवरून वाकला आणि सगळं पाणी फरशीवर ओतलं, सावकाश, धार न मोडता. मग उजवा हात पुढं धरला, समोरून कुणी काही देत असेल तसा.

हात तसाच राहिला.

"आबा?"

"न्हाई," तो म्हणाला. "हितं कशी यील ती? तिला ठाऊक बी न्हाई ह्ये."

त्यानं हात खाली घेतला.

बहात्तर.

चौपन्न.

अडतीस.

सुलक्षणानं बेल दाबली. पावलं धावत आली. प्रांजल त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत राहिली, घामानं भिजली, बराच वेळ. सुलक्षणा भिंतीला टेकून उभी होती. फरशीवरचं पाणी तिच्या चपलेपर्यंत आलं होतं. ती बाजूला सरकली.

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच झाले होते. वर आता गुरं परतली असतील आणि दारात कुणी नसेल, एवढंच तिच्या मनात आलं. तिला आपल्या सहीची किळस आली. रडू तेव्हाही आलं नाही.

ॲपमध्ये पट्टा बंद करायचा तर कारण निवडावं लागतं. हरवला, बिघडला, स्थलांतर, मृत. तिनं चौथं निवडलं.

तेराव्याला ती वर गेली. त्या फेऱ्यात हैबतीचे सोमवार-मंगळवार गेनूनं अंगावर घेतले होते. बुधवार-गुरुवारबद्दल कुणी काही बोललं नाही. जेवणं झाल्यावर सारजाबाईनं तिला अंथरुणाजवळ बसवून घेतलं.

"सुलक्षणे, पुढल्या फेऱ्याला काय? गेनूच्यानं आता हुत न्हाई गं. लई धाप लागती त्याला."

"जनावरं इकून टाकते, काकी."

"इकशील तवा इक. तवर चार जनावरं तुझी हायेत. काठी तुझ्या दाराची. सोमवार आन मंगळवार. पुढलं दोन तर हायेतच."

"मी कशी येणार? मला नोकरी हाय, मीटिंगा हायेत."

"येऊ नगंस. नुसती काठी घेतली म्हण. दावणीला उपाशी ऱ्हातील मुकी जनावरं."

सुलक्षणा थकली होती. पालीचा सोमनाथ म्हणून एक गडी होता, रोजानं कामाला यायचा. त्याला दोन दिवस लावून देता येईल, असा तिनं विचार केला.

"बरं काकी, घेतली," ती म्हणाली.

सारजाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे मिटले.

सोमनाथला फोन करायचा राहून गेला. तालुक्याच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं, रजिस्टरं पुरी करायची होती, त्या गडबडीत ती साफ विसरली. सोमवारी वेल्ह्याच्या सभागृहात सकाळी दहापासून बसलेली होती. चाळीस आशा, एक पंखा, पडद्यावर चित्रं. आठवण झाली ती भाषण चालू असताना. तिनं मोबाईल पाहिला, अकरा चाळीस झाले होते. उठून बाहेर जावं आणि फोन लावावा, असं तिनं ठरवलं. पण अंग इतकं जड झालं होतं की उठवेना, आणि भूक अशी लागली होती की डोळ्यांपुढं अंधारी आली. डबा तिनं बाकड्याखालीच उघडून भाकरी खाल्ली. शेजारची मंगल हसली, "अगं, जेवणाची सुट्टी एक वाजता हाय!" बारा वीसला तिला एकदम बरं वाटलं. पाच वाजेपर्यंत ती जागेवरून उठली नाही. मंगल तिच्या शेजारीच होती, विचारा हवं तर.

मार्गासनीला एसटीतून उतरली तेव्हा सहा वाजायला आले होते. घर थांब्यासमोरच, दहा पावलांवर. दाराशी आली आणि थांबली. तळवे ठणकत होते. तिनं पर्समधून मोबाईल काढला आणि ॲप उघडलं. तिच्या नावापुढं आजची पावलं आली होती. चौदा हजार दोनशे बारा. थांबा, अकरा चाळीस ते बारा वीस.

तिनं खाली पाहिलं. साडीचा काठ कुसळांनी भरला होता.

"अगं, आत ये की. बाहेर काय उभी?" संपत आतून म्हणाला.

"आधी तांब्या आणा. पायावर पाणी घाला."

तो हसत आला, ह्ये काय नवीन म्हणाला, पण पाणी घातलं. पायांवरून वाहिलेलं पाणी माळाच्या मातीसारखं तांबडं होतं. ते ओसरीखाली जिरेपर्यंत ती बघत राहिली. मग उंबऱ्यात बसून एकेक कुसळ काढू लागली आणि कडेला ढीग करू लागली. आता रडू येईल असं वाटलं, किती महिन्यांनी. पण ते तेवढ्यावरच राहिलं.

"अहो," ती मान वर न करता म्हणाली, "उद्या संध्याकाळी कुठं जाऊ नका. दारात कुणीतरी पायजे."